पिनांची नोंद : एक आवश्यक शिस्त

रास्पबेरी पाय हा लहानसा संगणक आतां अनेक विद्यार्थ्यांच्या परिचयाचा झाला आहे. त्याच्या प्रचलित बोर्डावर ४० पिनांची दुहेरी रांग असते. कांहीं पिना वीज पुरवितात, कांहीं ग्राउंडच्या असतात. उरलेल्या बहुतेकांस आपण नेमूं तें काम करितां येतें. परंतु कोणत्या पिनेकडे कोणतें काम आहे, हें कार्यप्रणालीस कोठें लिहून सांगावें? प्रश्न लहान दिसतो; पण त्यांत शिस्तीचा मोठा धडा आहे.

पूर्वीं आर्म जातीच्या प्रोसेसरांकरितां लिनक्स कार्यप्रणालींत ही माहिती बोर्डागणिक निराळ्या प्रोग्रॅमांत लिहीत असत. बोर्ड वाढले तसा पसाराही वाढला, आणि २०११ सालीं लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं त्याबद्दल उघड नापसंती दर्शविली. पुढें आर्मकरितांही 'डिव्हाइस ट्री' ही पद्धत रूढ झाली. तींत बोर्डाचें वर्णन स्वतंत्र फाइलींत असतें, व ड्रायव्हर त्याबरहुकूम चालतो.

ह्याचें महत्त्व एका उदाहरणानें कळेल. रास्पबेरी पायच्या २०१२ मधील पहिल्या बोर्डावर तिसऱ्या व पांचव्या पिनांस प्रोसेसरच्या ० व १ ह्या क्रमांकांच्या वाहिन्या जोडलेल्या होत्या. त्याच वर्षींच्या सुधारित बोर्डावर तेथें २ व ३ आल्या. पिना होत्या तेथेंच राहिल्या, अर्थ मात्र बदलला! ज्यानें क्रमांक प्रोग्रॅमभर विखुरले, त्यास प्रत्येक ओळ शोधणें प्राप्त झालें. ज्यानें ते एके ठायीं नोंदले, त्याचें काम एका दुरुस्तींत भागलें.

कोणी म्हणेल, एक दिवा लावण्यास एवढा खटाटोप कशाला? त्यास उत्तर असें कीं, ह्या पिना ३.३ व्होल्ट सोसणाऱ्या आहेत, व त्यांच्या शेजारींच ५ व्होल्टच्या पिना आहेत. एक तार चुकली तर प्रोसेसर निकामी होऊं शकतो. शिवाय तेंच यंत्र पुढील वर्षीं दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हातीं जावयाचें असतें. नोंद नसेल तर त्यानें अंधारांत चांचपडावें काय?

म्हणून माझें स्पष्ट मत असें कीं, प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहिण्यापूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्यानें पिन, क्रमांक, काम व व्होल्ट यांचा तक्ता लिहावा, आणि गुण देतांना शिक्षकांनीं तोही तपासावा. पालकांनींही "दिवा लागला का?" एवढेंच न विचारतां "जोडणी कोठें लिहिलीस?" असें विचारावें. विद्यार्थिमित्रहो, विश्वासू कारभारी आपला हिशेब दुसऱ्यास वाचतां येईल असा ठेवितो. आपल्यामागून येणाऱ्याची वाट सुगम करणें, हीही सेवाच होय.