नागलीचे रोप आणि आदिवासीचे मूल

जव्हार-मोखाड्यात कुपोषणाने मुले दगावली की मुंबईच्या दिवाणखान्यांतून एक शहाजोग निष्कर्ष हमखास ऐकू येतो : आदिवासी मुलेच फार जन्माला घालतात, तेथील जमीन तेवढ्यांना पोसू शकत नाही, निसर्ग आपला हिशेब चुकता करतो. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत बालके मृत्युमुखी पडली. २०१६ साली मोखाड्यातील बालमृत्यूंनी पुन्हा गदारोळ उडाला. निष्कर्ष मात्र तोच राहिला.

त्याला शास्त्राचा आधार असल्याचा देखावा केला जातो, म्हणून आधी शास्त्रच पाहावे. वनस्पती व प्राणी यांची संख्या अनिर्बंध वाढत नाही, हे खरेच आहे. मोखाड्याच्या शेतकऱ्याला ते सांगण्यास पंडिताची गरज नाही. राब भाजलेल्या जागेत नागलीचे बी दाट पडले की रोपे ओल आणि उजेड यांसाठी झगडतात व काडीसारखी राहतात. म्हणून लावणीच्या वेळी ती अंतर सोडून लावावी लागतात. शेतातला उंदीर पीक असेतो भराभर वाढतो. पुढे दाणा संपतो, साप-घुबडे टपून असतात आणि संख्या ओसरते. गर्दी वाढली की जन्म घटतात किंवा मृत्यू वाढतात, असा हा नियम. बेल्जियन गणिती व्हेरहुल्स्ट याने १८३८ साली अशा मंदावत जाणाऱ्या वाढीचे सूत्र मांडले.

आता हीच कसोटी माणसांना लावून पाहा. गर्दी हेच मृत्यूचे कारण असते, तर सर्वांत आधी मुंबईची मुले मरावयास हवी होती. तेथे एका चौरस किलोमीटरमध्ये वीस हजारांहून अधिक माणसे राहतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती, आणि मोखाडा त्या सरासरीहूनही कितीतरी विरळ! मुंबईचे बालक मलबार हिलवर पिकलेल्या भातावर वाढत नाही. त्याचे अन्न बाहेरून येते, कारण ते विकत घेण्याची ऐपत त्याच्या आईबापांपाशी असते.

माल्थसने १७९८ साली आपला सिद्धांत मांडला तो माणसांविषयी, आणि त्यातून गरिबांच्या सरकारी मदतीला विरोध केला. डार्विनने तो प्राणिसृष्टीस लावला, आणि आता निसर्गनियमाचा शिक्का मारून तो पुन्हा गरिबाच्याच माथी मारला जात आहे. लोकसंख्येचा अमूर्त नियम फक्त वनस्पती व प्राण्यांपुरता असतो, प्रत्येक उत्पादनपद्धतीचा मात्र आपापला नियम असतो, असे मार्क्सने १८६७ सालीच बजावले होते. मोखाड्यातील तो नियम उघड आहे. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, अंगणवाडी मागे राहते, तान्हे मूल विटांच्या थप्पीआड निजते आणि ऐन पावसाळ्यात घरातली नागली-वरई संपलेली असते. (येथे भट्टीमालकाला घुबडाची उपमा देणे घुबडावर अन्याय करणारे ठरेल.)

मूल जगेल याची शाश्वती नसली की आईबाप अधिक मुले होऊ देतात. केरळात मुली शिकल्या, मुले जगू लागली आणि जननदर सक्तीवाचून उतरला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मात्र १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले.

मोखाड्याची भूमी किती जीव पोसू शकते, असे विचारणाऱ्यांनी आपला नळ उघडून पाहावा. २०१४ साली मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण पूर्ण झाले. त्याचे पाणी मुंबईला जाते आणि मोखाड्याचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.