मेंदी लावली म्हणून वर्गाबाहेर? गणवेशाच्या नियमांत शाळेचा अधिकार कुठपर्यंत?

जूनमध्ये कॉन्व्हेंट शाळेची डायरी घरी येते. सुरुवातीला प्रार्थना, मग सुट्ट्यांची यादी आणि मग नियम. मुलांचे केस बारीक, मुलींच्या दोन वेण्या आणि रिबन, नखं कापलेली, काळे बूट पॉलिश केलेले, पीटीच्या दिवशी पांढरे कॅनव्हास. कानात बारीक टॉप्सशिवाय काही नको. शेवटी मेंदी, नेलपॉलिश, बांगड्या, टिकली आणि मनगटावरचे दोरे यांच्यापुढे 'नॉट अलाउड'. खाली पालकांची सही. किती पालक वाचून सही करतात, हा वेगळा विषय.

वाद जूनमध्ये होत नाही. तो श्रावणात सुरू होतो. राखी, गणपती, नवरात्र, मध्येच ईद, नाहीतर घरातलं लग्न. छत्रपती संभाजीनगरात नवरात्रात अर्धं शहर कर्णपुऱ्याच्या यात्रेला जातं. लहान मुलगी तिथून रिकाम्या हातांनी परत येईल, ही अपेक्षाच चुकीची. रात्री हातभर बांगड्या आणि मनगटाला देवीचा दोरा, सकाळी शाळेचं गेट.

मी अशाच एका शाळेत शिकले. दुसरीत असताना मावशीच्या लग्नाची मेंदी घेऊन गेले. असेंब्लीत रांगेतून बाजूला काढलं आणि हात धुऊन यायला सांगितलं. मेंदी नळाखाली घासून जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पहिला तास व्हरांड्यात गेला. घरी काही सांगितलं नाही, कारण चूक आपलीच आहे, असं वाटत होतं.

हा लेख त्या तासाबद्दल आहे. गणवेश ठरवायचा अधिकार शाळेला आहे, यात फारसा वाद उरलेला नाही. पण नियम करणं ही एक गोष्ट आणि तो मोडला म्हणून सात वर्षांच्या मुलीचा तास बुडवणं ही दुसरी. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. शाळेच्या ऑफिसातही होते.

न्यायालयं कोणाच्या बाजूने?

बहुतेक वेळा शाळेच्या. कॅथलिक शाळा आणि प्राथमिक वयातलं मूल, या दोन्ही गोष्टी एकत्र असलेलं ठळक प्रकरण केरळचं. तिरुवनंतपुरमच्या क्राइस्ट नगर शाळेतल्या १२ आणि ८ वर्षांच्या दोन मुलींना डोक्यावर स्कार्फ आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा होता. शाळेने नकार दिला. ४ डिसेंबर २०१८ रोजी केरळ उच्च न्यायालयाचे न्या. ए. मुहम्मद मुश्ताक यांनी याचिका फेटाळली. मुलीला पोशाखाचं स्वातंत्र्य आहे आणि संस्थेलाही स्वतःचा कारभार चालवण्याचा हक्क आहे, पण दोन्ही समोरासमोर आले तर संस्थेचा सामूहिक हक्क वरचढ, असा त्यांच्या निकालाचा गाभा. त्याच निकालातली एक ओळ मात्र चर्चेत फारशी येत नाही. या मुलींनी टीसी मागितला, तर शाळेने त्यावर कोणताही शेरा मारू नये, असं न्यायालयाने बजावलं होतं.

महाराष्ट्रातही सूर तोच आहे. कुर्ल्याच्या एका शाळेतल्या विद्यार्थिनीची स्कार्फसाठीची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये फेटाळली. जून २०२४ मध्ये चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजच्या ड्रेस कोडविरुद्ध नऊ विद्यार्थिनी गेल्या, तेव्हाही न्या. ए. एस. चांदूरकर आणि न्या. राजेश पाटील यांच्या खंडपीठाने कॉलेजचं म्हणणं मान्य केलं. पण ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकातल्या हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या बंदीला अंशतः स्थगिती दिली. सुनावणीत खंडपीठाने कॉलेजला विचारलं होतं, की मग टिळा लावणाऱ्यांनाही अडवणार का? कर्नाटकच्या हिजाब प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी न्या. हेमंत गुप्ता आणि न्या. सुधांशू धुलिया यांनी एकमेकांविरुद्ध निकाल दिले. तो प्रश्न मोठ्या खंडपीठावर सोपवला गेला.

ही सगळी प्रकरणं डोक्यावरच्या कापडाची. टिकलीसाठी किंवा मेंदीसाठी कोर्टाची पायरी चढणार कोण? तारीख लागेपर्यंत मेंदी उतरलेली असते. त्यामुळे लहान मुलांच्या बाबतीत खरा निकाल मुख्याध्यापकांच्या केबिनमध्येच लागतो.

कॅथलिक शाळेचं वेगळेपण काय?

या भागात गैरसमज जास्त आहेत, म्हणून जरा सविस्तर.

आपल्या शहरात या शाळा नव्या नाहीत. जालना रोडवरचं एसएफएस तर रिक्षावाल्याला पत्ता सांगायची खूण आहे. कॅथलिक चर्चचा स्वतंत्र औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये झाला. या शाळा अल्पसंख्याक संस्था म्हणून चालतात. राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षण संस्था स्थापन करायचा आणि चालवायचा हक्क आहे. मात्र हा हक्क कारभार करण्याचा आहे, गैरकारभाराचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात स्पष्ट केलं होतं.

मुलाला वर्गाबाहेर उभं केलं की पालक लगेच 'आरटीई'कडे बोट दाखवतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घालतं, हे खरं. पण २०१४ मध्ये 'प्रमती' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. अनुदानित असो वा विनाअनुदानित. चर्चा झाली ती २५ टक्के जागांची, पण त्या जागांबरोबर कलम १७ चं संरक्षणही या शाळांतल्या मुलांपासून दूर गेलं. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवलं. सणाच्या दिवसांत राखी, टिळा किंवा मेंदीवरून मुलांना शिक्षा करू नका, असं त्यात होतं आणि आधार याच कलम १७ चा होता. अल्पसंख्याक शाळेसमोर हा आधार लंगडा पडतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने 'प्रमती'वर शंका घेतली आणि फेरविचारासाठी विषय सरन्यायाधीशांकडे पाठवला.

म्हणजे मुलाला कसलंच संरक्षण नाही का? आहे. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७५ मुलावरच्या क्रौर्याबद्दल आहे आणि तिथे शाळा अल्पसंख्याक आहे की नाही, हा प्रश्न येत नाही. अर्थात प्रत्येक रागावणं क्रौर्य ठरत नाही. २०१८ मध्ये विक्रोळीच्या एका शाळेत केस वाढले म्हणून मुलांचे केस शाळेनेच कापले, तेव्हा पोलिसांत गुन्हा दाखल होऊन अटकाही झाल्या. (ती शाळा मिशनरी नव्हती, हेही सांगायला हवं.) शिवाय घटनेच्या कलम २८(३) नुसार मान्यताप्राप्त शाळेत लहान मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेत किंवा धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही.

शाळेची बाजूही ऐका

वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्याचा मुलगा आणि डॉक्टरची मुलगी एकाच बाकावर बसतात. कोणाचे कपडे महाग, हे गणवेशामुळे दिसत नाही. शाळेच्या गणवेशाचा उगमही गरीब मुलांच्या शाळांतला. लंडनचं ख्राइस्ट्स हॉस्पिटल १५५२ मध्ये अनाथ आणि गरीब मुलांसाठी सुरू झालं आणि तिथला लांब निळा डगला आजही मुलं घालतात. प्राथमिक वर्गांत काही नियमांना साधी व्यावहारिक कारणंही आहेत. काचेची बांगडी खेळताना फुटते, लोंबतं कानातलं ओढलं जातं, मोकळ्या केसांतून उवा पसरतात. हे नियम पालकांनी मुकाट पाळावेत, असं माझं मत.

पण मेंदीने कोणाला इजा होते? टिकलीने? 'कायम असंच आहे' हे कारण झालं नाही. मी मेकॅनिकल इंजिनीअरिंग केलं. तिथे ड्रॉइंगमधल्या प्रत्येक मापाला टॉलरन्स असतो, इतकं कमी-जास्त चालेल म्हणून. तो नसेल, तर वर्कशॉपमधला माणूस ड्रॉइंग परत पाठवतो. डायरीतल्या नियमांना असा टॉलरन्स नसतो.

दुसरी कसोटी समानतेची. राखेच्या बुधवारी काही कॅथलिक मुलं कपाळावर राखेची खूण घेऊन वर्गात बसतात. कोणाच्या गळ्यात बारीक क्रॉस असतो. तो चालत असेल, तर काळ्या दोऱ्याला आणि गंधाच्या ठिपक्याला हरकत कशी घेणार? आणि दोन्ही चालत नसतील, तर तसं डायरीत स्पष्ट लिहायला हवं. चर्चनेच याबाबत वाट दाखवली आहे. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. सर्व धर्मांचा आदर करा, इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, संविधानाची उद्देशिका प्रवेशद्वारावर लावा आणि असेंब्लीत रोज वाचा, असं त्यात आहे.

बाहेरचे लोक आले की

फेब्रुवारी २०२४ मध्ये आसाममध्ये एका संघटनेने मिशनरी शाळांमधल्या फादर-सिस्टरांनी आपला धार्मिक वेश शाळेत घालू नये, अशी मागणी केली आणि मुदत दिली. म्हणजे दिसण्याचा नियम उलट दिशेनेही वापरला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोचीच्या पल्लुरुथीतल्या सेंट रीटाज शाळेत आठवीच्या मुलीच्या हिजाबवरून वाद पेटला. शाळा दोन दिवस बंद ठेवावी लागली, मंत्री बोलले, पक्ष बोलले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी मुलगी शाळा सोडून गेली.

म्हणून पालकांना एक विनंती. गेटवर मोबाइल काढून व्हिडिओ करू नका. त्यात शाळेची बदनामी होते की नाही माहीत नाही, तुमच्या मुलीचा चेहरा मात्र शहरभर फिरतो. लग्न किंवा सण असेल, तर आदल्या दिवशी डायरीत दोन ओळी लिहा. मूल वर्गाबाहेर उभं राहिलं असेल, तर नियम लेखी मागा, मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही, तर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आहेत, मुंबईत राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे. मूल खरंच घाबरलं असेल, तर १०९८ हा नंबर आहे.

शाळांकडून अपेक्षा फार मोठी नाही. गणवेश ठेवा, बूट ठेवा, वेण्याही ठेवा. सात वर्षांचं मूल स्वतःची मेंदी स्वतः लावत नाही आणि स्वतःचे केसही कापून घेत नाही. नियम मोडला असेल, तर तो घरातल्या मोठ्या माणसाने मोडलेला असतो, बोलणंही त्याच्याशीच व्हावं. पुढच्या जूनमध्ये डायरी छापताना नियमांच्या पानावर एक ओळ वाढवता येईल: 'नियमाचं पालन झालं नाही, तर शाळा पालकांना कळवेल, विद्यार्थ्याचा तास बुडवला जाणार नाही.'