मेगाब्लॉक, ऊन आणि अम्मीची बाटली

लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ असतो, म्हणजे ऐन उन्हाचा वेळ. शादी, दावत, आजाऱ्याची भेट यांसाठी आपली कुटुंबे त्याच दिवशी बाहेर पडतात. कुर्ला ते वाशी अर्ध्या तासाचा प्रवास. पण गाड्या रद्द झाल्या की फलाटावरच तास जातो. म्हणून आम्ही म्हणतो, पाणी प्रवासाच्या नव्हे, खोळंब्याच्या हिशेबाने घ्या.

मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. पारा ३५ वर असला तरी बेफिकीर राहू नये. त्यात स्टेशनवर शौचालयाची अडचण नको म्हणून आपल्या अम्मी, खाला घरूनच कमी पाणी पिऊन निघतात. ही सवय फार धोक्याची. वाटेत शौचालय कुठे आहे ते घरातल्या तरुणांनी आधी पाहून ठेवावे आणि त्यांना घोट घोट पाणी प्यायला लावावे.

शनिवारीच ब्लॉकची वेळ पाहावी. जमल्यास सकाळी लवकर निघावे, असरनंतर परतावे. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे घरचे ओआरएस. मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारावे.

कोणी बरळू लागले, अंग तापले, तर सावलीत न्यावे, ओल्या कापडाने पुसून वारा घालावा, १०८ ला फोन करावा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये.

आणि एक बाटली जास्तीची ठेवावी. शेजारचा तहानलेला कोण, कुठला, हे विचारू नये.