समुद्रफूल हवंय? मग कापलेलंच घ्या!

आपल्या आयटीवाल्यांना दर दोन-तीन वर्षांनी एक महागडा छंद लागतो. आधी कॅमेरा, मग सायकल, मग कॉफी. त्यातल्या काहींची गाडी शेवटी खाऱ्या पाण्यावर येते आणि हॉलमध्ये रीफ टँक अवतरतो. २००३ च्या 'फाइंडिंग निमो'पासून पहिली मागणीही ठरलेली : निमो पाहिजे, आणि त्याचं ते डुलणारं घरही पाहिजे. ते घर म्हणजे सी अॅनिमोन, आपल्या भाषेत समुद्रफूल. नावात फूल असलं तरी हा चक्क प्राणी आहे बरं का.

माझं मत आधीच सांगून टाकतो. निमो खुशाल घ्या, पण समुद्रातून उपटून आणलेलं समुद्रफूल घेऊ नका.

का? पहिला मुद्दा वयाचा. सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणलं आणि काचेच्या भांड्यात ठेवलं. डॅलिएल १८५१ मध्ये गेले. 'ग्रॅनी' नावाची ही आजीबाई मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात १८८७ पर्यंत जगली, शेकडो पिल्लं देऊन! थोडक्यात, आपल्या होमलोनपेक्षा जास्त टिकू शकणारा जीव आपण आणतो आणि कित्येकदा सहा महिन्यांत संपवतो. कारणंही तीच ती : टँक नवा, प्रकाश अपुरा, उन्हाळ्यात लाइट गेली की चिलर बंद. त्यात हे प्राणी एका जागी बसत नाहीत. सरकत सरकत पंपात अडकले की स्वतः मरतात आणि सगळं पाणीही नासवतात.

दुसरा मुद्दा : निमोला ते लागतच नाही. समुद्रात क्लाउनफिश त्याच्या आसऱ्याला जातो तो मोठ्या माशांच्या भीतीने. तुमच्या टँकमध्ये त्याला खाणारं कोण आहे? हॅचरीत जन्मलेल्या माशांनी तर समुद्रफूल पाहिलेलंही नसतं, तरी ती मजेत जगतात. आपल्याकडे 'सीएमएफआरआय'ने क्लाउनफिशची पैदास करून दाखवली आहेच.

"पण समुद्रात ढिगाने आहेत की!" हे एक ठरलेलं उत्तर. १८५० च्या दशकात इंग्लंडमध्येही लोकांना असंच वाटायचं. फिलिप गॉस यांच्या पुस्तकांनी घरोघरी अॅक्वेरियमचं वेड पसरलं आणि लोक किनारे धुंडाळायला लागले. खडकांमधली ती भरलेली डबकी कशी लुटली गेली, हे पुढे १९०७ मध्ये त्यांच्याच मुलाने, एडमंडने, हळहळून लिहिलं. शिवाय समुद्रातल्या एकेका समुद्रफुलावर क्लाउनफिशचं एकेक कुटुंब राहतं. ते उपटलं की अख्खं बिऱ्हाड उघड्यावर.

मग हौस मारायची का? मुळीच नाही. 'बबल टिप' नावाची जात आहे. तिच्या शुंडकांची टोकं फुग्यासारखी फुगतात. ही जात आपणहून मधोमध फाटते आणि एकाची दोन होते. शौकीन मंडळी हेच काम धारदार ब्लेडने करतात : तोंडाच्या बरोबर मधून एकच सरळ काप, म्हणजे दोन्ही तुकड्यांना तोंडाचा भाग मिळतो. मग स्वच्छ, वाहतं पाणी आणि थोडा धीर. काही आठवड्यांत जखमा भरतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सरळ फोर्क, दोन्ही कॉप्या चालू!

कापणं क्रूर नाही का? ह्या प्राण्याला मेंदू नाही, नुसतं मज्जातंतूंचं जाळं आहे, आणि फाटणं त्याच्या स्वभावातच आहे. तरी माझ्यापुरता नियम असा : वर्षभर नीट जगलेलं, चिकट, भरपूर खाणारं असेल तरच ब्लेडला हात लावायचा. नवं किंवा पांढरं पडलेलं मुळीच कापायचं नाही. आणि गालिच्यासारख्या पसरणाऱ्या मोठ्या जातींवर हा प्रयोग नको. त्या समुद्रातच शोभतात.

तेव्हा दुकानात गेलात की किंमत नंतर विचारा. आधी विचारा, "हे कुठून आलं?" उत्तर "अमक्याच्या टँकमधून" असं आलं तर घ्या. "समुद्रातून" असं आलं तर दोन निमो घेऊन घरी या. आणि तुमचं फाटून दोन झालं, तर एक मित्राला द्या. रोपाची फांदी देतो ना आपण, तसंच.