वाड्यातले जुने भाडेकरू

संगणकाच्या दुनियेत जुनं म्हणजे टाकाऊ, असं आपण फार चटकन ठरवून टाकतो. कुणाच्या पडद्यावर काळ्या पाटीवरची पांढरी अक्षरं दिसली की हसू येतं. मला हे हसणं पटत नाही.

१९८१ साली आलेल्या डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले, आणि तो स्वतःला वाड्याचा मालकच समजे. पडद्यावर थेट लिहायचं, कळफलक ताब्यात घ्यायचा, कुणाला विचारायचं नाही! असे दोन मालक एका छपराखाली नांदणार कसे? तोडगा १९८५ च्या इंटेल ८०३८६ या चिपमध्ये होता. प्रत्येक जुन्या प्रोग्रॅमला ती एक मेगाबाइटचा स्वतंत्र, आभासी संगणक देई. विंडोज ३.० ने १९९० मध्ये आणि आयबीएमच्या ओएस/२ ने १९९२ मध्ये याचा पुरेपूर उपयोग केला. प्रोग्रॅम पडद्यावर लिहायला गेला की व्यवस्था त्याला वाटेतच अडवी आणि ते लिखाण एका खिडकीत दाखवी. क्षणभर याची पाळी, क्षणभर त्याची. आपण भाडेकरू झालो आहोत, हे बिचाऱ्याला कळतही नसे. अशी प्रेमळ फसवणूक मला तरी दुसरी ठाऊक नाही.

पण चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये ही सोय ठेवली गेली नाही. बत्तीस बिटांच्या विंडोज १० मध्ये ती होती. त्या विंडोजचं सर्वसाधारण पाठबळ ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलं. विंडोज ११ तर फक्त चौसष्ट बिटांचंच.

यात कुणाचं काय अडतं? माझ्या परिचयातल्या एका भुसार व्यापाऱ्यांची १९९४ पासूनची उधारी फॉक्सप्रोत आहे. दिवाणजींच्या बोटांना कळा पाठ. माउसला हात न लावता पावती बाहेर. जुनं यंत्र बसलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, "शेठ, आता हे चालत नाही." म्हणजे प्रोग्रॅम धडधाकट, हिशेब चोख, आणि तरी सगळं मोडीत! प्रगतीच्या नावाखाली हे खपवून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नवी व्यवस्था विकणाऱ्याने जुनी वही उघडून देण्याची हमी द्यायलाच हवी.

तोवर आपली वाट आपणच काढायची. २००२ पासून मोफत मिळणारा डॉसबॉक्स अख्खा जुना संगणकच सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. मुळात तो खेळांसाठी केलेला, त्यामुळे छपाईला कुरकुरतो. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली मात्र मोफतच्या लिब्रेऑफिसमध्येही उघडतात. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावून डॉसमध्ये भरलेल्या मराठी याद्यांचं काम जास्त किचकट. ती अक्षरं इस्कीची, त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावं लागतं. जुनं यंत्र सुरू होतंय तोवरच ते उरकलेलं बरं.