सापळा घरचा, पण त्यात सापडणार कोण?



शेतकऱ्याच्या घरी काही वाया जात नाही. जुना पाईप, गंजका पत्र्याचा डबा, विटलेली साडी, मोडक्या सायकलची चेन, यांतून तो काही ना काही उभे करतोच. पिकावर कीड किंवा जनावर आले की ही कला अधिकच जागी होते. आमच्या खात्याचे काम बांधाबांधाने हिंडण्याचे, त्यामुळे अशा घरगुती युक्त्या आम्हांस नेहमी पाहावयास मिळतात. त्यांची थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. दुकानातल्या महागड्या डब्यापेक्षा यांतल्या काही युक्त्या खरोखरच सरस आहेत. परंतु याच युक्त्यांच्या रांगेत एक अशी येऊन बसली आहे की तिच्याबद्दल आता स्पष्ट बोलणे भाग आहे.

आधी चांगल्या युक्तीविषयी बोलू.

वळवाचा दमदार पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे अंधार पडताच जमिनीतून बाहेर निघतात. कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर बसून पाला खातात, तेथेच नर-मादीची गाठ पडते, आणि उजाडण्याआधी ते पुन्हा मातीत शिरतात. एक मादी सुमारे ५० ते ६० अंडी घालते. हुमणीची पिढी वर्षातून एकच. म्हणजे पहिल्या पावसानंतरचे थोडे आठवडे साधले तर वर्ष साधले. १०० माद्या घमेल्यात बुडाल्या तर निदान ५,००० अंडी टळली, हा हिशेब कोणालाही करता येईल. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात बेट पिवळे पडून हाताने सहज उपटून येऊ लागले की मग कितीही औषध ओता, मुळाशी बसलेली मोठी अळी सहजी मरत नाही.

यावर आपल्याकडचा सापळा म्हणजे तीन बांबूंचे तिकाटणे, त्याला टांगलेला दिवा, खाली घमेले किंवा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला खड्डा, आणि त्यात पाणी. पूर्वी पाण्यावर रॉकेल टाकीत. आता लोक धुण्याची पावडर टाकतात. साबणाच्या पाण्यावर भुंगेऱ्याला तरंगता येत नाही, तो तळाला जातो. सापळा कडुलिंबा-बाभळीजवळ लावावा, दिवा बॅटरीचा किंवा सौर असेल तर उत्तम. जोडीला काठीने फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे वेचावेत, कारण सगळेच काही दिव्याकडे येत नाहीत. खर्च किरकोळ, आणि घरातली पोरेसुद्धा आनंदाने करतात.

पण याच दिव्याला एक पथ्य आहे. तो अंधार पडल्यापासून दोन-अडीच तास लावावा, आणि भुंगेऱ्यांचा हंगाम संपला की उतरवून ठेवावा. "जळू द्या की साहेब रात्रभर, तेवढंच जास्त मरतील," असे काही सभासद म्हणतात. मरतात खरे, पण कोण मरते? क्रायसोपासारखे मित्रकीटकही दिव्याला येतात आणि त्याच घमेल्यात बुडतात. या मित्रांची किंमत आपण एकदा पाहिली आहे. २००२ साली सांगली भागात लोकरी मावा उठला आणि बघता बघता राज्यभर पसरला. फवारण्या करून लोक टेकीला आले. अखेर त्याला आवर घातला तो डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी. ज्या फडात त्या होत्या तेथली पाने कापून, नेऊन, दुसऱ्या फडातल्या पानांना लावायची, ही साधी युक्ती तेव्हा कामी आली. उंदरांचेही तसेच. झिंक फॉस्फाईडचे आमिष बिळात घालून बीळ बुजवले तर उंदीर मरतो. तेच बांधावर उघडे टाकले तर शेजाऱ्याची कोंबडी नाहीतर आपलाच कुत्रा मरतो.

तेव्हा आमच्या मते कोणताही घरगुती सापळा लावण्यापूर्वी शेतकऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ज्याच्यासाठी हा लावला, त्याच्याखेरीज यात आणखी कोण सापडेल?

हा प्रश्न घेऊन आता त्या दुसऱ्या युक्तीकडे येऊ. रानडुकरांसाठी उसाच्या कडेने उघडी तार ओढायची आणि रात्री तिच्यात पंपाच्या पेटीतून किंवा लाईनवर आकडा टाकून सरळ वीज सोडायची. हिला कोणी "झटका" म्हणतो, कोणी "कुंपण" म्हणतो. आम्ही हिला सापळा म्हणावयास तयार नाही. तारेत सोडलेली वीज डुक्कर आणि माणूस ओळखत नाही.

रात्री उसाच्या कडेला कोण येते ते बघा. पंपाची वीज अजूनही पुष्कळ गावांत पाळीने रात्रीची येते, म्हणून दारे धरणारा माणूस अंधारात, ओल्या सरीत, अनवाणी उभा असतो. तो बहुधा शेजारी असतो, वाटेकरी असतो, नाहीतर मालकाचाच मुलगा असतो. हंगामात बीड-परभणीकडची टोळी पहाटे अंधारातच फडात शिरते. त्यांना कोणत्या बांधावर काय आहे याची माहिती नसते, हातात लोखंडी कोयता असतो, आणि मागे कोपीत लहान मुले असतात. ओली जमीन, ओले पाय आणि २३० व्होल्टची तार, यापुढे काही सांगावयास नको.

"डीपीला फ्यूज आहे की, तो उडेल," असा एक समज आहे, तो साफ चुकीचा आहे. डीपीवरचा फ्यूज कित्येक अँपिअर भार सहन करण्यासाठी असतो. माणसाचे हृदय बंद पाडावयास एका अँपिअरचा दहावा भागसुद्धा पुरतो. माणूस जातो आणि फ्यूज जागचा हलत नाही. शिवाय चालू विजेने स्नायू आखडतात, तार हातात आली तर हात सुटत नाही. सोडवावयास धावलेला दुसराही तिथेच चिकटतो. एका घरात दोघे जातात ते असे.

आता सभासद विचारतील, "मग डुकरांनी अर्धा एकर लोळवला त्याचं काय? तुम्ही येऊन राखता का?" प्रश्न रास्त आहे. वर्षभर जपलेला ऊस एका रात्रीत आडवा झालेला पाहणे सोपे नाही, आणि तो राग आम्ही समजू शकतो. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीक-नुकसानीची भरपाई शासनाकडून मिळते, पण ती पाहणी, पंचनामा, कागद यांतून येते आणि नुकसान भरून येईल इतकी क्वचितच असते. तरीही नुकसान झाल्याबरोबर वनखात्याकडे अर्ज द्यावा. उशीर झाला तर तेही हातचे जाते.

राखणीला मार्ग नाहीत असे नाही. जुन्या साड्यांचे कुंपण, वाऱ्याने वाजणारे डबे, माळ्यावरची जागल हे सगळे चालते, मात्र डुक्कर चार दिवसांत सरावते म्हणून युक्ती बदलत राहावी लागते. पाईपची कार्बाईड तोफ मात्र आम्ही सुचवणार नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा तोफांनी कित्येक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. खरा पर्याय बॅटरीवर किंवा सौर पाटीवर चालणाऱ्या झटका मशीनचा. त्यात व्होल्टेज हजारांत असले तरी झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो, आणि दोन झटक्यांत सुमारे एक सेकंदाची उसंत असते. जनावर दचकून मागे फिरते, माणसाचा हात सुटतो. मशीन मान्यताप्राप्त बनावटीचे घ्यावे, फलक लावावा, आणि तारेखालचे गवत व पाचट काढीत राहावे, नाहीतर झटका जमिनीत मुरतो आणि मशीन निकामी आहे अशी ओरड होते.

कायद्याचेही सांगून ठेवतो. आकडा टाकणे ही विद्युत कायदा २००३ प्रमाणे वीजचोरी आहे. रानडुकराला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू आहे. माणूस दगावला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. एका रात्रीच्या तारेपायी ऊस, जमीन आणि घरचा कर्ता, तिन्ही कोर्टाच्या दारात उभे राहतात.

पण आम्हांस सर्वांत जास्त खटकते ती दुसरीच गोष्ट. कोणाच्या उसाला तार आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. पारावर बोलणे होते, "त्या अंगाला रात्री जाऊ नका रे." म्हणजे आपण आपल्या माणसाला वाचवतो आणि परगावच्या टोळीला सांगत नाही. हे सहकारात बसत नाही. १९५० साली प्रवरेकाठी पहिला सहकारी कारखाना चालू झाला तो लहान-मोठ्या शेतकऱ्यांनी आपापला शेअर घालून, एकमेकांवर भरवसा ठेवून. जो सभासद बांधावर शेजाऱ्याचा जीव टांगून ठेवतो, त्याने त्या भरवशाचा शेअर काढून घेतला असेच आम्ही समजतो.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत तीन गोष्टींचा विचार व्हावा असे आमचे मत आहे. पहिली, झटका मशीन व दिव्याचे सापळे गटवार द्यावेत आणि त्यांची रक्कम ऊस बिलातून हप्त्याने कापावी, म्हणजे "पैसे नव्हते म्हणून तार लावली" असे म्हणण्यास जागा राहणार नाही. दुसरी, वळवाच्या पहिल्या पावसानंतर प्रत्येक गावाने संध्याकाळ ठरवून सगळ्या शिवारात एकाच वेळी भुंगेरे धरावेत. एकट्याने दिवा लावला तर शेजारचे भुंगेरे पुन्हा आपल्याच मातीत अंडी घालतात. तिसरी आणि महत्त्वाची, ज्या फडाला अशी चालू विजेची तार आढळेल, तेथे ती काढून टाकल्याची खात्री पटेपर्यंत टोळी उतरवू नये, मग तो सभासद कोणी का असेना. हे कडक वाटेल. पण तोडणीच्या मजुराला आपण आपल्या भरवशावर फडात पाठवतो, ही जबाबदारी कारखान्याला टाळता येणार नाही.

सभेची वाट न पाहता करता येण्यासारखे एक काम आहे. तुमच्या बांधाला तार असेल तर आजच दिवसाउजेडी वायरमनला बोलावून ती उतरवा. शेजाऱ्याच्या बांधाला असेल तर त्याला जाऊन सांगा, ऐकत नसेल तर वीज कंपनीला कळवा. शेजारी चार दिवस बोलणार नाही, एवढेच. अबोला मिटतो. गेलेला माणूस परत येत नाही.