बंद जोडधंद्यालाही ‘सुप्त’ दर्जा हवा



मी छोट्या व्यावसायिकांचे हिशेब पाहतो. त्यांतल्या एक बाई खासगी कार्यालयात नोकरी करतात आणि पूर्वी घरी कांदा-लसूण मसाला व शेंगदाणा चटणी करून ऑनलाइन विकत. उलाढाल किरकोळ, पण तेव्हा ई-कॉमर्स मंचावरून माल विकायचा तर उलाढाल कितीही असो, जीएसटी नोंदणी सक्तीची होती. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि धंदा थांबला. पाकिटे सील करायचे मशीन माळ्यावर गेले, लेबलांचे गठ्ठे कपाटात पडून आहेत. जीएसटी नंबर मात्र चालूच.

एक रुपयाची विक्री नसली तरी रिटर्न भरावेच लागते. निल रिटर्न १४४०९ वर एसएमएस करूनही भरता येते, ही सोय चांगलीच आहे. पण धंदाच नसेल तर तारीख लक्षात राहते कुणाच्या? उशीर झाला की दिवसाला २० रुपये, एका रिटर्नमागे कमाल ५००. म्हणजे पंचवीस दिवसांत कमाल गाठली. दरमहा भरणाऱ्याचे वर्ष चुकले तर नुसत्या जीएसटीआर-३बी या मासिक रिटर्नचेच सहा हजार. विक्री शून्य, कर शून्य, भुर्दंड सहा हजार!

‘मग नंबर रद्द करून टाका,’ असे सगळेच सांगतात. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम रिटर्न भरायचे असते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. ते राहिले तर दिवसाला २०० रुपये, दहा हजारांपर्यंत. शिल्लक मालावर घेतलेले क्रेडिट परत करायचे ते निराळेच. आणि दोन वर्षांनी बाईंना पुन्हा मसाला करावासा वाटला आणि नंबर घ्यावा लागला, तर वीजबिल, जागेचे संमतिपत्र, आधार पडताळणी, सगळे पहिल्यापासून.

कंपन्यांना मात्र ही सोय आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४५५ खाली व्यवहार नसलेल्या कंपनीला ‘सुप्त’ दर्जा मिळतो आणि त्या काळात तिच्यामागचा कागदपत्रांचा व्याप बराच कमी होतो. कंपनीला झोपायची मुभा आणि घरच्या मसाल्याला नाही, हा कुठला न्याय?

पडून राहिलेले नंबर बोगस बिलांसाठी वापरले जातात, ही खात्याची भीती खोटी नाही. पण त्यावरचा उपाय जीएसटीच्या नियमांतच आहे. रद्द करण्याचा अर्ज केला की नियम २१अ प्रमाणे नोंदणी निलंबित होते. त्या काळात करपात्र विक्री करता येत नाही आणि मासिक वा तिमाही रिटर्नही भरावे लागत नाही. हेच निलंबन नोंदणी रद्द न करता, व्यावसायिकाच्या स्वतःच्या अर्जावर, दोन-तीन वर्षांसाठी द्यावे. ज्या नंबरवर बिलच फाडता येत नाही, त्यावर बोगस बिल कोण फाडणार? शिवाय आज बेवारस पडलेले नंबर कोणते, हे खात्याला आपसूक कळेल.

जीएसटीचा निर्णय परिषदेत होतो. तिथे महाराष्ट्राने हा विषय मांडावा. व्यवसाय कर तर राज्याच्याच हातात आहे. जीएसटी रद्द झाला तरी व्यवसाय कराची नोंदणी वेगळी रद्द करावी लागते, आणि तोवर वर्षाचे अडीच हजार नावावर चढत राहतात. जीएसटीसोबतच ही नोंदणीही रद्द करायला दिल्लीला विचारावे लागत नाही.

— एक हिशेबनीस, सातारा